रुजवात

नक्कल लिहून झाली की आमच्या कचेरीतले नकलनवीस आबा तिच्या पहिल्या ओळीवर तर्जनी ठेवायचे आणि मला म्हणायचे, “वाचा, रावसाहेब.” मी कसला रावसाहेब! धुळ्याकडच्या एका तालुका कचेरीतला सगळ्यात आळशी कारकून मी. पण मूळ कागद वाचायला बसलेला माणूस त्यांच्या लेखी रावसाहेबच.

तुम्ही सरकारी नक्कल पाहिली असेल तर माहीत असेल, तळाशी दोन सह्या असतात. एक लिहिणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची; आमच्याकडे आबांची आणि माझी. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत ताडून पाहायचं, ही रुजवात. वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर ओलं फडकं ठेवून आबा ती माझ्याकडून करून घ्यायचे. एकदा गावाच्या नावाआधीचं एक ‘मौजे’ राहिलं म्हणून त्यांनी अख्खा कागद पुन्हा लिहिला.

“आबा, कुणाला कळणार आहे?”

“ज्याचं शेत आहे त्याला,” ते म्हणाले.

मग नवे अव्वल कारकून आले. त्यांना आमचं वाचन म्हणजे शाळा भरल्यासारखं वाटलं. मोठ्याने वाचणं बंद झालं, नकला मात्र दुप्पट हव्या होत्या. आबांची बैठक खिडकीपासून उठून आतल्या दप्तरखोलीत गेली. तिथे भर दुपारी कंदील लागायचा. रुजवात गेली, तिची सही तेवढी राहिली.

“दोन ओळी तरी वाचा, रावसाहेब,” आबा हळूच म्हणायचे. मी हसून सही ठोकायचो. माझं काम हलकं झालं होतं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस एक विधवा बाई नक्कल घेऊन परत आली. दिराने बळकावलेल्या शेतासाठी तिने दावा लावला होता, आणि आमच्या नकलेत शेजारच्या शेताचा नंबर पडला होता.

“कोर्टमा कागद चालना नही, आबा. दावा गया. मन्हा पोरे काय खातीन?”

आबांनी कागद कंदिलाजवळ धरला आणि त्या नंबरावर तर्जनी ठेवली.

चौकशीत मामलेदारांनी विचारलं, “रुजवात कोणी घेतली?” सही माझी होती. अव्वल कारकून भिंतीकडे बघत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, “रुजवात बरोबर झाली, साहेब. नंतर आकडा पुसट वाटला म्हणून मीच गिरवला. तेव्हा चुकला.”

ते साफ खोटं होतं. मी उघडलेलं तोंड मिटलं. आबांची नोकरी गेली.

पायऱ्यांवर मी त्यांचा हात धरला तर म्हणाले, “तुमनं पोर अजून पाळणामा शे. मी एकलाच शे.” नंतर ते दिसले नाहीत. गावी वारल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी जेवत होतो. ताटावरून उठलो आणि पुष्कळ रडलो.

त्यानंतर वर्षभराने आठवडी बाजारात ती बाई भेटली. मजुरीला जाणाऱ्या बायांबरोबर होती. तिने मला ओळखलं.

“ते आबा कसा शेतस? त्यासले सांगज्या, मन्हा मनमा राग नही.”

“सांगतो,” मी म्हणालो. राग कुणावर धरायचा, ते तिलाही सांगितलं नाही.