हिराबाईंचं नाव कॅटलॉगमध्ये

ऑफिसातले किस्से साठवावे लागत नाहीत. एक विसरावा तर दुसरा घडतो.

आमचं ऑफिस ठाण्यात, खोपटला. हस्तकलेच्या वस्तू परदेशी पाठवणारं. मी इतिहासात बीए, म्हणून कॅटलॉगमधल्या फोटोंखाली ओळी लिहायचं काम माझ्याकडे. पहिल्याच आठवड्यात 'पितळी समई' लिहिलेलं. साहेबांनी खोडून 'ओरिएंटल लॅम्प' केलं. एवढंच. पण मला पटलं नाही.

*

मी धीर करून साहेबांना म्हणाले, "सर, ओरिएंट म्हणजे मूळ लॅटिनमध्ये सूर्य उगवतो ती बाजू. रोममध्ये उभं राहून बघणाऱ्याची. आधी तुर्कस्तान, इजिप्त, मग आपण, मग चीन-जपान. त्यांची जहाजं पुढे सरकली तसा शब्द लांबला. आपण स्वतःला ओरिएंटल कशाला म्हणायचं? आमच्या डोंबिवलीला सूर्य कल्याणकडून उगवतो."

"म्हणजे ठाण्याची ओरिएंट डोंबिवली," साहेब म्हणाले. "तरीच तुम्हाला रोज उशीर होतो."

सगळे हसले. मी दचकून "सॉरी सर" म्हणाले. कशाबद्दल, देव जाणे.

*

लंडनहून गिऱ्हाईक आलेलं. म्हणालं, ओरिएंटल जेवू या. साहेबांनी घरून अळूवड्या, पुरणपोळ्या मागवल्या. गिऱ्हाईक नूडल्सची वाट बघत बसलेलं! त्यांच्याकडे ओरिएंटल म्हणजे चिनी.

दुसऱ्या दिवशी साहेब मलाच म्हणाले, "आपल्या समया जरा चायनीज वाटतील असं काहीतरी लिहा."

*

मग कॅटलॉगसाठी खाडीवर फोटो काढायला गेलो. हिराबाई कोळीण जाळं विणत बसलेल्या. साहेब म्हणाले, "चष्मा काढायला सांगा. ओरिएंटल वाटत नाही."

"चष्म्याबिगर जालं विनताना कवा बघितलंस रे?" हिराबाई त्यांनाच म्हणाल्या. शेवटी काढला. मग माझा हात धरला. "माजा नाव टाकशील ना गो पोरी? नातवाला दाखवीन."

मी हो म्हणाले.

*

छपाईच्या आदल्या दिवशी प्रूफ आलं. फोटोखाली 'ओरिएंटल फिशरवूमन'. मी लिहिलेलं नाव गायब.

"नाव टाकलं की ती एकटी हिराबाई होते," साहेब म्हणाले. "असं ठेवलं की अख्खी पूर्व येते." आणि बॅग उचलून बाहेर पडले.

अर्धा तास प्रूफ समोर घेऊन बसले. मग नाव परत घाला म्हणून सांगायला खाली पीसीओत जाऊन प्रेसला फोन लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. पुन्हा लावला. नाणं हातातून खाली पडलं. पुन्हा लावला.

उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

साहेबांचा आवाज. ते प्रेसमध्येच जाऊन बसले होते.

मी माझं नाव सांगितलं. मग हिराबाईंचं.