हेन्नाचा निरोप समारंभ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात की माझी लिंक तुटते. चुका कुणाच्या हातून होत नाहीत? कुणी खिरीत मीठ टाकतं, कुणी भलत्याच लग्नात जेवून आहेर देऊन येतं. मी काय केलं? फिनलंडच्या एका धडधाकट खेळाडू बाईला मी परस्पर निवृत्त करून टाकलं! तिला न विचारता. शाल-श्रीफळ देऊन.

आधी माझी पार्श्वभूमी ऐका, म्हणजे निदान थोडी दया येईल. मी साताऱ्याकडच्या एका पंचायत समितीत कार्यालय अधीक्षक होतो. फायली काय, सगळेच हलवतात. पण निरोप समारंभ करावा तर तो मीच! शिपाई असो की साहेब, मानपत्र माझ्या हातचं. "नियत वयोमानानुसार" एवढं म्हटलं की पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. पुढे माझाही निरोप समारंभ झाला. त्यातलं भाषण इतकं सुमार होतं, की मीच उठून ते पुन्हा केलं.

मग आम्ही दोघं मुलीकडे आलो. आयर्लंडात, डंडॉकला. फेब्रुवारी २०२०, फक्त तीन महिन्यांसाठी! पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. विमानं बंद, दुकानं बंद. मुग्धा, म्हणजे आमची मुलगी, वरच्या खोलीतून ऑफिस करायची. नात इरा माझं मराठी नीट ऐकून घ्यायची आणि उत्तर तिथल्या हेलाच्या इंग्रजीत द्यायची. आणि मी खिडकीत. २०२१ उजाडलं, तरी मी आपला खिडकीतच.

खिडकीतून शेजारची हेन्ना दिसायची. चौतीस वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची. मुग्धाच्याच कंपनीत फिनलंडच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. रोज सकाळी सातला मागच्या अंगणात प्लास्टिकच्या फळीसमोर उभी राहायची आणि वाकड्या काठीनं एक काळी रबरी चकती समोरच्या जाळ्यात हाणायची. ठाक! ठाक! ठाक! मला गजर लावावा लागला नाही कधी.

एकदा कुंपणावरून चौकशी केली. बोलणं अर्थात इंग्रजीत. माझं इंग्रजी बेताचं आणि तिचं बोलणंच बेताचं, त्यामुळे छान जमलं.

"काय खेळ हा?"

"आइस हॉकी."

"किती वर्षं खेळलीस?"

"चौदा."

"देशासाठी?"

"हो."

"आणि आता?"

तिनं गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. "ऑपरेशन झालं. आता फिनलंडहून पत्राची वाट बघते."

बस्स! मला आणखी काही ऐकायची गरजच उरली नाही. चौदा वर्षं सेवा, शरीर थकलेलं आणि पत्राची वाट. अहो, माझ्या पेन्शनचे कागद यायला अकरा महिने लागले होते! मला तर तिच्याबद्दल भरूनच आलं.

"ती निवृत्त झालीय गं," मी आत येऊन हिला म्हणालो.

"असं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला पाहिजे? कळतं माणसाला."

"मग सकाळी ते ठोकत असते ते काय?"

"सवय! आमचे मोरे हेडक्लार्क निवृत्त झाल्यावर सहा महिने डबा घेऊन एस.टी. स्टँडवर बसायचे. अंगवळणी पडलेलं सुटत नाही एकदम."

"अहो, पण विचारा तरी एकदा!"

"असलं विचारतात का? दुखरी जागा असते ती."

शनिवारी हेन्ना गाडीत भलीमोठी बॅग टाकून सीमेपलीकडे बेलफास्टला जायची. मी म्हटलं, फिरतेय बिचारी, निवृत्तीनंतर फिरावंच माणसानं. डंडॉकात बर्फाचं मैदान एकेकाळी होतं, ते कधीच बंद पडलं, म्हणून ती सरावाला तिकडे जात होती, हे मला नंतर कळलं. नंतर तर काय, सगळंच कळलं!

माझ्या मनाला एकच गोष्ट खात होती. या बाईला निरोप कुणी दिलाच नव्हता. देशासाठी हाडं मोडून घेतली आणि शेवटी एक साधा हार नाही? उन्हाळ्यात अंगणात चार माणसं जमवायची परवानगी मिळाली, आणि मी कामाला लागलो.

"रविवारी चारला ये. तुझा सत्कार आहे," मी हेन्नाला सांगितलं.

"कशासाठी?"

"तुझ्या खेळासाठी!"

"ओके," म्हणाली. मुग्धा सांगते, फिनिश माणसानं एवढं म्हटलं म्हणजे आनंद झालाय असं समजायचं.

तीन मराठी कुटुंबं आली. हिनं बटाटेवडे तळले. पलीकडच्या घरातला ब्रेंडनही आला. हा सत्तरीचा गृहस्थ गावच्या साप्ताहिकाला बातम्या पाठवतो. माणूस चांगला, फक्त त्याच्या पोटात काही राहत नाही.

"ऑकेजन काय आहे, शराड?" त्यानं विचारलं. 'शरद' त्याच्या जिभेवर बसत नाही.

"रिटायरमेंट."

"आह, फेअर प्ले टु हर!" म्हणजे तिकडचं 'शाब्बास', असं म्हणत त्यानं खिशातून फोन काढला.

भाषण मी मराठीत केलं. इंग्रजीत मला रडवता येत नाही. दुभाषी म्हणून शेजारी इरा. मी चार मिनिटं तिच्या त्यागावर, जिद्दीवर आणि मोडलेल्या हाडांवर बोललो आणि इराकडे पाहिलं.

"ही सेज यू आर क्लास," इरा म्हणाली.

हेन्नानं मान हलवली. मी पुढे सरसावलो. मैदानाचा निरोप घेताना मन कातर होतं, पण उर्वरित आयुष्य सुखासमाधानात, नातवंडांत जावो! मराठी मंडळींपैकी दोघींनी खरोखर डोळे पुसले.

"अँड, लाइक, हॅव अ नाइस लाइफ," इरा म्हणाली.

"थँक यू," हेन्ना म्हणाली. तिला शाल घातली, हातात नारळ दिला, आणि रिबीन बांधलेली मानपत्राची गुंडाळी दिली. मानपत्र इंग्रजीत, मीच लिहिलेलं. रिबीन इतकी छान बांधली होती, की ती तिनं सोडलीच नाही. ब्रेंडननं फोटो काढला. फोटोत ती नारळ घेऊन चक्क हसतेय. असा देखणा समारंभ मी साताऱ्यातही केला नव्हता.

गुरुवारी दार वाजलं. दारात हेन्ना, हातात फोन.

"मिस्टर शरद, मी निवृत्त झालेय?"

"हो ना!" मी हसून म्हणालो.

"कधी?"

"म्हणजे… ते तुलाच ठाऊक."

"मला नाही ठाऊक. माझ्या क्लबला ठाऊक आहे. त्यांनी अभिनंदनाचा मेल पाठवलाय."

ब्रेंडनची बातमी साप्ताहिकाच्या फेसबुकवर गेली होती, तिथून फिनलंडच्या कुणा चाहत्याकडे, तिथून क्लबकडे. आणि पत्र? ते पेन्शनचं नव्हतंच हो! ते करारपत्र होतं. गुडघा बरा झाला म्हणून तिचा जुना क्लब तिला पुन्हा एक हंगाम घेणार होता. आता ती जागा एका विशीतल्या पोरीला द्यायचं चाललं होतं.

"अगं, मग फोन करून सांग की!"

"केला. ते म्हणतात, बातमी खोटी कशी? फोटोत तू हसतेयस." मग ती हळूच म्हणाली, "चौतीस वर्षांच्या गुडघ्याला कुणी दोनदा विचारत नाही, मिस्टर शरद. ही शेवटची वेळ होती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही, फक्त फोन खिशात ठेवला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मागे ही उभी होती. "विचारा म्हणत होते," एवढंच म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

"उद्या त्यांची बैठक आहे," हेन्ना म्हणाली. "त्यांना लेखी खुलासा पाहिजे. ज्यानं हे केलं त्याच्याकडून."

लेखी खुलासा! अहो, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खा ओंडका हाती लागला. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? ताठ बसलो, इराला लॅपटॉप उघडायला लावला आणि शुद्धिपत्रक सांगायला घेतलं. मुग्धानं शेजारी बसून त्याचं इंग्रजी केलं.

"जावक क्रमांक एक. विषय: चुकीने झालेल्या निवृत्तीबाबत. उपरोक्त मानपत्रात 'निवृत्त' ऐवजी 'कार्यरत' असे वाचावे. 'उर्वरित आयुष्य' ऐवजी 'पुढील हंगाम' असे वाचावे. 'नातवंडांत' हा शब्द पूर्णतः वगळण्यात यावा. सदर चूक सर्वस्वी अधोस्वाक्षरीकाराची असून संबंधित खेळाडूस निवृत्तीची कल्पना नव्हती. खेळाडूचा गुडघा उत्तम आहे. तिच्या सरावाच्या आवाजाने अधोस्वाक्षरीकार रोज सकाळी सात वाजता जागा होतो."

"आजोबा, धिस इज मॅड," इरा म्हणाली, पण तिनं पाठवलं.

रात्रभर मला झोप नाही. शुक्रवारी दुपारी शेजारच्या अंगणातून किंकाळी आली. मी चपला न घालताच धावलो. हेन्ना कुंपणावरून उडी मारून आली, त्याच गुडघ्यानं! आणि मला तिनं उचललं. उचललं म्हणजे जमिनीवरून वर. करार झाला होता, पूर्ण एक हंगाम! शुद्धिपत्रक बैठकीत दोनदा वाचलं गेलं म्हणे.

व्यवस्थापकांनी मलाही वेगळा मेल लिहिला होता. शेवटी दोन ओळी: "आमची गोलकीपर एक्केचाळीस वर्षांची आहे. चार वर्षं झाली, निवृत्त होत नाही. आपलं कार्यालय तिचा समारंभ कधी करू शकेल?"

आता सांगा, असा मान कुणाला मिळतो? मी त्याच संध्याकाळी एका बोटानं टाइप करून उत्तर धाडलं. सदर गोलकीपरचे पूर्ण नाव, रुजू झाल्याचा दिनांक आणि नारळ पोचवण्याचा पत्ता कळवावा. मेलाखाली त्यांचं पत्रही जोडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हेन्ना.

"मिस्टर शरद, तो विनोद होता."

"विनोद? अगं, मग हसण्याचं चिन्ह कुठंय त्यात?"

"आम्ही फिनिश. आम्ही चिन्ह घालत नाही." मग तिनं फोन पुढे केला. "पण तुम्ही हे सगळ्या संघाला का पाठवलंत?"

"म्हणजे काय? क्लबच्या पानावर संघाचा पत्ता होता. निवृत्तीच्या प्रकरणात संबंधित व्यक्तीला प्रत द्यावीच लागते!"

हेन्नानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"संबंधित व्यक्ती तुम्हाला आज पाचला फोन करणार आहे. तिला इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला समजेल."