हो म्हणण्याआधी मी वाचलं नव्हतं

अन्याय सुनंदाताईंवर झाला. दोन वर्षांपूर्वी, तान्ह्या पोळ्यानंतरच्या सोमवारी, भंडाऱ्याच्या आमच्या कार्यालयात, सकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. करणारी मी. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, ज्यांच्यासोबत मोर्चात लाठ्या खाल्ल्या त्यांनाही नाही.

तुम्ही मला ओळखता. आमच्या संघटनेची पत्रकं मीच लिहिते. “जबाबदारी कोणाची?” हा मथळा माझा. गावोगावच्या सभांत मी ओरडून सांगते — वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, सही करू नका! लोक टाळ्या वाजवतात. मग मी हे पत्रक दोन वर्षं का लिहिलं नाही?

सांगते. थोडं थांबा.

कार्यालयात एक जुना सर्व्हर होता. कुठल्या तरी बंद पडलेल्या कचेरीतून दान आलेला, पंख्यासारखा घरघरणारा. सगळ्यांच्या फायली त्याच्यावर. तो सांभाळायच्या सुनंदाताई. जवळच्या शहापूरहून रोज एसटीनं येणाऱ्या, कॉम्प्युटर कुठं शिकलेल्या नाहीत, पण संध्याकाळी तो नीट बंद केल्याशिवाय मेन स्विचला हात लावायच्या नाहीत. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. मी हसायची. त्या म्हणायच्या, “हास पोरी, हास. म्हातारा हाये तो. त्याले दमानं घ्या लागते.”

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत असताना, नवा डेस्कटॉप आला. तो सर्व्हरला जोडायचं काम मी मागून घेतलं. आणि तो जोडला जाईना! नाव टाकलं, आकडे टाकले — नवा म्हणे, असं काही नाहीच. जुनी यंत्रं ज्या पद्धतीनं बोलतात ती नव्या यंत्रात सुरक्षेसाठी मुद्दाम बंद ठेवलेली असते, हे कळायला दुपार गेली. दोष कुणाचा? जुनं यंत्र गळ्यात मारणाऱ्यांचा, नवं विकताना काहीही न सांगणाऱ्यांचा —

बघा. पुन्हा तेच. बोट बाहेर.

ती जुनी पद्धत मी सुरू केली. ताईंनी वहीतून पासवर्ड वाचून दाखवला आणि सर्व्हर बंद करायला संध्याकाळी परत येते म्हणत पार्सल आणायला त्या बसस्टँडवर गेल्या. सर्व्हरवरचे फोल्डर माझ्या पडद्यावर उघडले, माझ्याच यंत्रातले असल्यासारखे. त्यात एकोडीचा फोल्डर होता. गावच्या तलावाची हद्द कुठवर होती, पाणी कोणत्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, जायचं, हे तिथल्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या आवाजात सांगितलेलं. तलावावरच्या अतिक्रमणाच्या सुनावणीत आमचा सगळा आधार तोच. दुसरी प्रत कुठंच नव्हती. ती करायची म्हणूनच तर नवा डेस्कटॉप आणला होता.

मी प्रत करायला लावली. निम्म्यावर अडकली. म्हटलं, ही अर्धवट प्रत काढू, पुन्हा करू. पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी, दोन्हींत ‘एकोडी’. यंत्रानं विचारलं — कायमचं काढून टाकायचं?

मी वाचलं नाही. हो म्हटलं.

सर्व्हरवरचा मूळ फोल्डर गेला. कचरापेटीत शोधला — तिथंही नाही. दुसऱ्या यंत्रावरचं मिटवलं की ते आपल्या कचरापेटीत येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

ही चूक. चूक मी एव्हाना सांगूनही टाकली असती. कबुली पुढची आहे.

सोमवारी बैठकीत विचारणा झाली, एकोडीचा फोल्डर गेला कसा? एकोडीचे गणपतकाका मुद्दाम आले होते. आणि मी — कुणी माझ्याकडे बोटही दाखवलं नव्हतं — मी म्हणाले, “सर्व्हर नीट बंद न करता मेन स्विच पाडला की असं होतं. रोज बंद कोण करतं, ते सगळ्यांना माहीत आहे.”

काका ताईंकडे वळले. “बाई, एवढी काहून घाई केली वो?”

ताई भांडतील असं मला वाटलं होतं. भांडल्या असत्या तर मी कदाचित — नाही, ते नको. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, “मी तं बरोबर बंद केल्तं जी... पण असंन. माझ्याच हातून झालं असंन.”

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्यानं सरळ विचारलं, “कुणी डिलीट तर नाही ना केलं? तसं असेल तर आत्ता परत मिळू शकतं.” मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं. तो बिचारा डिस्कमधला बिघाड शोधत बसला, आणि सर्व्हरवर नव्या फायली चढत राहिल्या. सुनावणीला आम्ही अर्धवट प्रतीतले आवाज घेऊन गेलो. तलावाची उत्तरेकडची हद्द सांगणारे दोघे मिटलेल्या अर्ध्यात होते. ते दोघंही आता नाहीत.

ताईंनी त्याच महिन्यात काम सोडलं. मागच्या आठवड्यात शहापूरच्या थांब्यावर भेटल्या. नातवाचा फोटो दाखवायला मोबाईल काढला, आणि बोट पडद्याच्या वर तसंच धरून मला विचारलं, “पोरी, हे दाबलं तं मिटणार तं नाही ना?”

मला विचारलं. मला!

मी “नाही मिटणार” म्हणाले आणि आलेल्या एसटीत चढले. तेव्हाही सांगितलं नाही.

तुमच्याकडून माफी नको. पण यापुढे कुठल्याही सभेत मी माईक धरून “जबाबदारी कोणाची?” विचारलं, की टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि सुनंदाताईंसोबत मी काय केलं, ते माझ्यासमोर, मोठ्यानं सांगा.