पल्लवीला विहिरीजवळचं एकर हवं होतं

मंडळी, आत्ताच आसेगावहून परतलोय. कृषी पदवी घेणारी मुलं पुढे काय करतात, यावर माझं संशोधन चालू आहे. त्यासाठी आज पल्लवीच्या घरी गेलो होतो. ती कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे.

‘पदवीनंतर काय करणार?’ मी तिला विचारलं. उत्तर तिच्या वडिलांनी दिलं, ‘बँकेची परीक्षा देणार हाय ते.’

‘बाबा, त्यायनं मले इचारलं,’ पल्लवी म्हणाली. ‘मले आपल्या वावरात सोयाबीनचं बियाणं तयार करायचं हाय.’

वडील चिडले. ‘शेतीच करायची होती तं तुले शिकवलं कायले?’

‘शेतीच तं शिकली मी, बाबा.’

वडिलांनी चहाचा कप तोंडाला लावला. मीही चहा पीत राहिलो.

शेवटी वडील म्हणाले, ‘खालचं एक एकर घे औंदा. पण परीक्षा सोडू नको.’

‘परीक्षा देतो,’ पल्लवी म्हणाली. ‘पण खालच्या वावरात पाणी साचते, बियाणं खराब होईन. मले विहिरीजवळचं द्या.’

वडिलांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘बरं, घे.’

तुमच्या लेकीनं शेती करायला जमीन मागितली, तर तुम्ही तिला कोणतं वावर द्याल?