स्टेटस कोणी कोणी बघितलं

मला फोनवर बोलता येत नाही. समोर माणूस असला तरी फार येत नाही, पण तेव्हा हातात काहीतरी काम असतं आणि समोरच्यालाही दिसतं की ही कामात आहे. फोन नुसता कानाला लावून उभं राहावं लागतं. मुलगा मस्कतला गेला तेव्हा सुरुवातीला दर शुक्रवारी फोन करायचा. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." मग दोघं गप्प. मग तो म्हणायचा, "ठेवू?" आणि मी म्हणायचे, "ठेव." एवढ्यासाठी तो कार्ड भरायचा.

वडिलांशी त्याचं बोलणं नव्हतं. वादळात आमच्या वाडीतल्या पोफळी सुपारीसकट आडव्या झाल्या होत्या. ह्यांनी सगळी वाडी साफ करून नवी रोपं लावली. मुलाने दोन पावसाळे बरोबरीने काम केलं, आणि मग म्हणाला, ही धरेपर्यंत माझे केस पिकतील. हे म्हणाले, गेलास तर मला फोन करू नको, तुझा नंबर मी पुसून टाकणार. लहानपणापासून मुलाने वडिलांचं ऐकलं असं फारसं झालेलं नाही. हे मात्र ऐकलं.

शुक्रवारी मी फोन घेतला की ह्यांना माजघरात काहीतरी शोधायचं असायचं. डबे उघडायचे, बंद करायचे. एकदा मोठ्याने म्हणाले, "कोण हाय गं? राँग नंबर हाय काय?" मुलाने ते ऐकलं. म्हणाला, "ठेवतो." त्यानंतरच्या शुक्रवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी एकदा धीर करून लावला, तर त्याने घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोणाला काय झालं?" घरून फोन गेला म्हणजे कोणीतरी गेलं, असं तिकडच्या मुलांना वाटतं. मी म्हटलं, "कोणाला काही नाही." तो म्हणाला, "मग ठीक." पुन्हा लावला नाही.

माझी धाकटी जाऊ शेजारच्या वाडीत राहते. तिने पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात आणि रोज सकाळी फोनात त्यांचं स्टेटस ठेवते: खोल्या मिळतील, घरगुती जेवण, समुद्र पाच मिनिटांवर. समुद्र तिच्या घरापासून चांगला पंधरा मिनिटांवर आहे, पण ती भरभर चालते. एक दिवस आमच्या ओटीवर बसली असताना तिने माझा फोन घेतला आणि पाट्यावर बसलेल्या आमच्या कोंबडीचा फोटो काढून ठेवून दिला.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"असू दे वैनी. एक दिवस राहतो, मग आपोआप जातो. ह्या डोळ्यावर दाबलं की कोणी कोणी बघितलं ते दिसतं."

संध्याकाळी मी डोळ्यावर दाबलं. जाऊ होती, गॅसचा सिलेंडर देणारा होता, आणि खाली मुलगा. नावाखाली वेळही होती. मी फोन उशीखाली ठेवला आणि भात लावला. भात जरा लागला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोटो काढला. जे हाताशी होतं ते, म्हणजे सुपाचा. त्याने तोही बघितला.

पुढचे काही दिवस मी आठवेल तेव्हा ठेवायचे. मग माहेरी लग्न होतं म्हणून मध्ये राहिलं, आणि परत आल्यावर ठेवलं ते त्याने बघितलंच नाही. तेव्हा लक्षात आलं की यात नेम पाहिजे. दूधवाला एक दिवस आला आणि दोन दिवस नाही आला, की माणूस दुकानातून पिशवी आणायला लागतो. दूधवाल्याची वाट बघणं सोडून देतो. तसं होऊ द्यायचं नव्हतं.

वेळ आधी ठरवली. त्याच्या नावाखालची वेळ बघून मी माझी वेळ सरकवत गेले. सकाळी ठेवलं तर तो संध्याकाळी बघायचा. दुपारी जेवणं आटपल्यावर ठेवलं तर लगेच. तिथे तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी असणार. तेव्हापासून भांडी घासून झाली की स्टेटस, मग पाठ टेकायची.

नुसते फोटो पुरेनात. आमच्या घरात फोटो काढण्यासारखं फार काही नाही, आणि सुपाचा फोटो पुन्हा ठेवला तेव्हा जाऊने विचारलं, "वैनी, सूप विकायचं हाय काय?" म्हणून लिहायला लागले. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. अक्षरं येतात, पण बोटाने ती शोधायला वेळ लागतो, त्यामुळे लिहिण्यात आपोआप काटकसर झाली.

पहिल्यांदा लिहिलं, "जेवलास का?" त्या दिवशी सगळ्यांनी उत्तरं दिली. सिलेंडरवाला म्हणाला, हो काकी. माझी बहीण म्हणाली, अजून नाही, पाहुणे आहेत. ब्लाऊज शिवणारी म्हणाली, उपास आहे. मुलाने बघितलं आणि काही म्हणाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बघितलंच नाही. प्रश्न विचारला की माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि द्यायचं नसलं की तो त्या वाटेनेच जात नाही. तेव्हापासून प्रश्न बंद.

मग एकदा लिहिलं, गुडघा दुखतो. त्यावर पाच प्रकारच्या तेलांची नावं आली. मुलाचं नाव त्या दिवशी यादीत दोन मिनिटांत आलं आणि पुढचा आठवडाभर मला वाटत राहिलं की मी त्याला फसवून बोलावलं. दुखणीही बंद केली. सणांच्या शुभेच्छाही नाहीत, त्या सगळेच देतात. "तुझ्या आवडीचे बोंबील केले" असं एकदा लिहून पुसलं. एक तर हे सगळ्यांना दिसतं, आणि दुसरं म्हणजे तो तिथे जेवायला बसलेला असतो, समोर काय असेल कोण जाणे.

मग राहिलं काय, तर घरात आणि वाडीत जे झालं ते. एकच गोष्ट, झाली तशी. "विहिरीत कासव परत दिसलं." "मांजरीने पिलं नारळाच्या खोलीत हलवली." "मागच्या गडग्याचे दोन दगड पडले, परत लावले."

वाक्य मी व्यापाऱ्याकडून मजुरीवर आणलेली सुपारी सोलताना करायचे. सुपारी सोलताना हात आपले आपण चालतात, डोकं रिकामं असतं. सकाळी एखादी गोष्ट डोक्यात धरायची आणि टोपली संपेपर्यंत तिच्यातले शब्द काढत जायचं. "आज सकाळी मी विहिरीवर पाणी काढायला गेले तेव्हा मला ते कासव परत दिसलं" एवढं घेऊन बसले, तर टोपली संपताना तीन-चार शब्द उरायचे, आणि तेवढेच बोटाला झेपायचे. काही गोष्टी सोलता सोलता उरायच्याच नाहीत. मग कळायचं की ती गोष्टच नव्हती.

ज्या दिवशी काही होत नाही त्या दिवसासाठी मी काही राखून ठेवायचे. एका दिवसात दोन गोष्टी झाल्या तर एक उद्याला. पण त्यापुढे नाही. पिलं हलवल्याचं मी एकदा तीन दिवस राखलं, तेवढ्यात मांजरीने ती परत आणली आणि लिहायचं काय ते समजेना.

सिलेंडरवाला रोज अंगठा पाठवायचा. सिलेंडर घेऊन आला की विचारायचा, "काकी, कासव काय म्हणतंय?" मी आत जायचे. जाऊ म्हणायची, "वैनी, तुम्ही सगळ्या गावाला कासवाची खबर देता, मला समोर बसून पण कधी सांगितली न्हाय." मी म्हटलं, "तू विचारलं न्हायस." ती म्हणाली, "कासवाचं कोण विचारतंय?"

तिला मी कारण सांगितलं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं. कारण जाताना एकदा चप्पल घालता घालता म्हणाली, "आज बघितलं काय त्यानं?" मी मान हलवली. "मग झालं तर," म्हणाली आणि गेली.

एक दिवस यादीत एक नाव जास्त दिसलं: "वाडी". ह्यांचा नंबर माझ्या फोनात त्या नावाने आहे. ह्यांचं नाव लिहायला मला बरं वाटेना, म्हणून जाऊने तसं ठेवून दिलं. हे फोन फक्त सुपारीचा भाव बघायला आणि भजनं ऐकायला वापरतात, स्टेटस म्हणजे रिकाम्या लोकांचा धंदा असं त्यांचं मत. दुसऱ्या दिवशीही "वाडी" होतं, आणि मुलाच्या बरोबर वरती होतं. माझ्या फोनात बापलेक एकाखाली एक बसलेले मी बऱ्याच दिवसांनी बघितले.

चार-पाच दिवसांनी जेवताना हे म्हणाले, "विहिरीवरचा पंप बदलला."

"हो."

"नवीन बसवला. पाणी जोरात येतं."

"हो ना."

"लोकांना कासवाचंच कौतुक," असं म्हणून ताक प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, "विहिरीवर नवीन पंप बसवला. पाणी जोरात येतं." संध्याकाळी त्यांनी मला बाजारातून शेव आणली. मला शेव आवडत नाही, पण आणली हे खरं.

मग हे रोज जेवताना बातम्या द्यायला लागले. झावळ्या उतरवल्या, पन्हाळीचा पत्रा सरळ केला. कधी कधी वाटायचं, ती कामं ते सांगायला मिळावं म्हणूनच करतात. पन्हाळीचा पत्रा चार वर्षं वाकडा होता. मुलाचं नाव कोणी काढत नव्हतं. मी बातमी घ्यायचे, सोलायचे, ठेवायचे, आणि तो बघायचा.

एका दुपारी हे वाडीतून घाईने आले. पाय न धुताच स्वयंपाकघरात.

"पोफळीला पोय आली. दक्षिणेच्या बाजूला, तीन झाडांना. लिही."

पोय म्हणजे फुलोरा. ती फुटली की पुढे सुपारी धरते. मुलगा ज्या रोपांवरून गेला तीच ही झाडं.

मी म्हटलं, "हे नको."

"का? खोटं हाय काय?"

"खरं हाय म्हणून नको. तो काय समजेल? बघ, मी म्हटलं होतं, असं समजेल."

"मी कुठे तसं म्हणतोय?"

"तुम्ही न्हाय म्हणत. पोय म्हणते."

हे उंबऱ्याकडे वळले. मग म्हणाले, "कासवाचं चालतं, पंपाचं चालतं. माझ्या झाडांचंच चालत न्हाय." आणि पाय धुवायला गेले. त्या दिवशी मी गडग्यावरच्या मुंगसाचं लिहिलं. जेवताना बातमी आली नाही.

सकाळी जाऊ ओरडतच आली. "वैनी, भावोजींनी स्टेटस ठेवलंय."

बघितलं, तर पोफळीचा फोटो होता. पोय एका कोपऱ्यात आणि अर्ध्या फोटोत ह्यांचा अंगठा. शब्द एकही नाही. मला बरं वाटलं, की निदान बोलून दाखवलं नाही.

दुपारी हे फोन घेऊन माझ्याजवळ आले. "त्यानं बघितलं काय ते कुठे दिसतं?"

मी डोळा दाखवला. यादीत जाऊ होती, मी होते, सुपारीचा व्यापारी होता.

"मला न्हाय दिसत त्याचं नाव."

"दोघांकडे एकमेकांचा नंबर साठवलेला लागतो. तुमच्याकडे त्याचा हाय काय?"

"असेल कुठेतरी," हे म्हणाले. होता. पुसला म्हणून सगळ्या आळीला सांगितलेला नंबर होता, वर फोटोही होता, त्याच्या दहावीचा.

"आणि त्याच्याकडे माझा नसला, तर?"

"तर त्याला दिसणार न्हाय."

ह्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि थोड्या वेळाने काढून परत बघितला. मी सांगू शकले असते की आज तो कामात असेल. पण माझं कालचं मुंगसाचं त्याने थोड्या वेळापूर्वीच बघितलेलं मला माहीत होतं, आणि ह्यांनी माझी यादी दाखव म्हटलं असतं. मुलाने नंबर पुसला होता. ह्यांनी पुसतो म्हटलं आणि पुसला नाही, त्याने न म्हणता पुसला.

त्या दुपारी मी सोलायला बसले तेव्हा टोपलीत सुपारी फार नव्हती, पण वाक्य जमेना. "तुझा बाप" घेतलं, सोडलं. "बघ" घेतलं, सोडलं. शेवटी जे झालं होतं तेवढंच राहिलं. भांडी घासून मी लिहिलं, "ह्यांनी पण आजपासून स्टेटस ठेवायला सुरुवात केली."

मुलाने ते नेहमीच्या वेळेला बघितलं. मग त्याच्याकडून काही आलं नाही. सिलेंडरवाल्याने अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना म्हटलं, "आज पण ठेवा."

"कशाला? कोण बघतंय?"

"ठेवा. एक दिवस ठेवून भागत न्हाय."

हे वाडीत गेले आणि तीच पोफळ दुसऱ्या बाजूने काढून आणली. अंगठा या वेळी थोडा कमी होता. मी ठेवायला मदत केली नाही, मला विचारलंही नाही.

दुपारी मी भांडी घासत होते. हे मागच्या दारी आले आणि फोन माझ्यापुढे धरला. माझे हात राखेचे होते, म्हणून त्यांनीच धरून ठेवला. यादीत जाऊ होती, व्यापारी होता, आणि सगळ्यात वर मुलगा.

"काल का न्हाय बघितलं मग त्यानं?" हे म्हणाले.

मी भांड्यावर पाणी ओतलं. "काल ड्युटी जास्त असेल."

"असेल," म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसून यादी बघत राहिले. यादीत तीन नावं होती. वाचायला एवढा वेळ लागत नाही.