गोलपोस्टमधली सायली

स्टाफरूमच्या खिडकीतून मैदान दिसतं. सायली गोलपोस्टमध्ये उभी होती आणि माझ्या हातात कमी हजेरीवाल्यांची यादी. तिचं नाव तिसरं. यादीतल्यांना परीक्षेला बसता येत नाही.

नोकरीच्या अर्जात मी छंद म्हणून फुटबॉल लिहिलं होतं. मी फक्त टीव्हीवर बघते, हे इंटरव्ह्यूत सांगायचा धीर झाला नाही आणि मुलींची टीम माझ्याकडे आली. वर्षभर मॅचेसना त्यांना मीच नेलं. ते दिवस सायलीच्या हजेरीत धरावेत म्हणून विभागप्रमुखांकडे दोनदा अर्ज दिला.

"अहो मॅडम, तुमचीच नेमणुकीची ऑर्डर मेपर्यंतची," विभागप्रमुख चहा ढवळत हसले. "कशाला मध्ये पडता? पुढच्या वर्षी बसेल की ती!"

वर्ष संपताना एवढंच कळलंय, की साठ मुलांसमोर तासभर बोलणारी मी एका माणसासमोर गप्प होते.

"मॅडम, झालं का काम?" खालून सायली ओरडली.

थांब, सांगते, म्हणून मी हात वर केला. तिला तो होकार वाटला. तिने टाळी वाजवली आणि पुन्हा बॉलकडे वळली. खाली जायला एकच जिना होता, तोही मैदानावरच उतरणारा. मी खिडकीतच उभी राहिले.