क्षेपणास्त्राची गाडी आणि आम्ही चाकणकर

आमच्या कंपनीत स्क्रॅपपेक्षा किस्से जास्त साठतात. स्क्रॅप उचलायला निदान गाडी येते, किस्से आपले तिथंच पडून! दुपारी कुणीतरी डबा उघडतो, एक किस्सा बाहेर पडतो आणि त्याला धरून दुसरे चार निघतात.

मी राहते पिंपळे गुरवला, नोकरी चाकणला, डिझाइन डिपार्टमेंटमध्ये. जमिनीवरून विमानांवर मारा करणारी क्षेपणास्त्रं ज्या ट्रकवर बसवतात ना, त्या ट्रकची चौकट, मागची केबिन आणि गाडी उभी करायचे हायड्रॉलिक पाय आम्ही बनवतो. क्षेपणास्त्र दुसरीकडं तयार होतं. आमच्याकडं त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा, सिमेंट भरलेला पाइप असतो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही काय काय बघत असू. आम्ही पाइप बघतो!

हे सगळे किस्से आमच्या पहिल्या गाडीचे.

*

काम सुरू झालं तेव्हा ताकीद मिळाली, बाहेर एक शब्द बोलायचा नाही. आमचे फोरमन दत्ताभाऊ चाकणजवळच्याच गावचे. घरची शेती, गावभर भाऊबंद. कुणी ना कुणी विचारणारच. दत्ताभाऊंनी सरळ सांगून टाकलं, "टँकर बनवतो."

उन्हाळा आला, गावची विहीर आटली. एक दिवस सरपंच पंधरा-वीस माणसं घेऊन कंपनीच्या गेटवर हजर!

"दत्ता, गावात प्यायला पाणी न्हाई आन् तू हितं टँकरवर टँकर बनवतोय व्हय?"

"आवो सरपंच, ते पाण्याचे न्हाईत."

"मग कशाचे?"

दत्ताभाऊंनी गेटकडं पाहिलं, सिक्युरिटीकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. "दुधाचे."

"मग दूध दे!"

शेवटी आमच्या मालकांनी, त्यांना सगळे शेठच म्हणतात, कुठून तरी पाण्याचा खरा टँकर मागवला आणि दत्ताभाऊंना बसवून गावात पाठवला. सरपंचांनी वर चढून टाकीत डोकावून पाहिलं आणि हाक मारली,

"दत्ता, दुधात लईच पाणी घालता रं तुमी!"

*

मग आले राणे साहेब. मूळचे कोकणातले. हवाई दलाच्या क्षेपणास्त्र तुकडीत उभी नोकरी काढली, निवृत्त होऊन चिंचवडला फ्लॅट घेतला आणि आमच्याकडं सल्लागार म्हणून लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. "ही एक गाडी. हिच्यावर रडार. ही बघते. दुसरी गाडी ठरवते. दिसलेला ठिपका आपला की परका, मारायचा की सोडायचा. आणि तिसरी मारते. ती तुम्ही बनवताय."

दत्ताभाऊ एकदम खूश. "म्हंजी आमच्या घरावानी! आई बघती, बायको ठरवती, आन् मी सुटतो!"

सगळे हसले. राणे साहेबही हसले, पण खडू खाली ठेवून म्हणाले, "आणि आई, बायको दोघी गावाला गेल्या, तुम्ही एकटेच घरी, तर?"

"मग काय, समोर येईल त्याच्यावर!"

"हाच तर धोका आहे. काही गाड्यांवर स्वतःचं लहान रडार असतं. तसली गाडी एकटीसुद्धा मारू शकते. पण तिला आभाळाचा छोटासा तुकडा दिसतो. बाकी आभाळात काय चाललंय ते तिला कुणी सांगितलंच नाही, तर ती चुकते. आणि ती चुकली तर खाली पडतं ते कुणाचंही विमान असू शकतं. माणसांनी भरलेलं."

त्या दिवसापासून आमच्या शॉपमध्ये डिझाइनला न विचारता कुणी काही करायला गेला, की बाकीचे ओरडायचे, "ए, बायकोला विचारलंस का?"

बाहेरून आलेल्या एका इन्स्पेक्टरला यातलं काही माहीत नव्हतं. दिवसभर थांबला. जाताना मला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमची माणसं फारच संसारी आहेत हो. साधं भोक पाडायचं तरी घरी विचारतात!"

*

गाडीवरून क्षेपणास्त्र सुटलं की धूर दिसतो आणि आपली जागा शत्रूला कळते. म्हणून मारलं की लगेच पाय दुमडायचे आणि निघायचं. ही सगळी यंत्रणा चाकांवर असते ती त्यासाठीच. राणे साहेब आमच्याकडून याची तालीम करून घ्यायचे. त्यांनी शिट्टी मारली की पाय वर, दारं बंद, पिना आत, गाडी सुरू!

एकदा तालीम इतकी फर्मास जमली की आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडी मागच्या टेस्ट ट्रॅकवर गेली, खड्ड्यांतून उसळली, चढावरून खाली आली, पुन्हा एक फेरी मारून परत आली. दार उघडलं तर आतून शेठ बाहेर!

केबिन बघायला म्हणून आत गेले होते. दार बंद झालं आणि आवाज बाहेर येत नव्हता. आवाज बाहेर येऊ नये म्हणून आम्हीच तर केबिन तशी बनवली होती!

शेठच्या चष्म्याची एक काडी कानावर, दुसरी हवेत. आज कुणाची तरी नोकरी जाणार!

शेठनी चष्मा नीट केला, शर्ट खोचला आणि म्हणाले, "सस्पेन्शन पास. कडी नापास. आतून उघडत नाही!"

*

गाडी रस्त्यावर चालवून बघायची वेळ आली. ताडपत्रीनं पूर्ण झाकली, पुढं एक जीप, मागं एक जीप, आणि निघालो. चाकणच्या चौकात पोचलो आणि अडकलो. समोर कंटेनर, बाजूला कंटेनर, मधल्या फटीतून टू-व्हीलरवाले. कंपन्यांची शिफ्ट सुटलेली. जीपमध्ये राणे साहेब घड्याळाकडं बघत बसले.

"दत्ताभाऊ, लढाईत एवढ्या वेळात आपण तीन जागा बदलल्या असत्या. इथं एका जागी उभे आहोत. शत्रूला आयतं सापडलो असतो!"

दत्ताभाऊंनी खिडकीतून मान बाहेर काढून पुढचं मागचं सगळं बघितलं.

"साहेब, काय काळजी करू नका राव. त्याला बी हितूनच यायचं हाय!"

*

आता दत्ताभाऊंच्या पोरीचा किस्सा. वैष्णवी ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि तिला जर्मनीत पुढं शिकायला प्रवेश मिळाला. घराण्यातून विमानात बसणारी पहिली. गावात बॅनर लागला. नेमकं त्याच दिवसांत तिकडं आखातात दोन देशांचं जुंपलं. तिचं विमान त्याच बाजूनं जाणार होतं.

दत्ताभाऊंचं हसणं बंद झालं. जेवायच्या सुट्टीत आम्ही शेडबाहेर बसलो होतो. लोहगावला उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं. त्याच्याकडं बघत त्यांनी विचारलं,

"राणे साहेब, खरं सांगा. आपल्यासारख्या गाड्या तिकडं बी असतील. त्यांचं तेवढ्या उंचीवर पोचतं?"

"खांद्यावरून मारायचं असतं ते नाही पोचत. विमान चढताना-उतरताना तेवढा त्याचा धोका. पण गाडीवरचं मोठं पोचतं. प्रवासी विमान उडतं त्याच्याही वर जातं."

"विमान सांगत न्हाई का, मी साधं हाय म्हणून?"

"सांगतं की. सारखं सांगत असतं. मी अमुक, एवढ्या उंचीवर. पण खालच्यानं ऐकलं पाहिजे ना! काही गाड्यांमध्ये ते ऐकायची सोय नसते. त्या फक्त 'आपला आहेस का' एवढंच विचारतात. त्याचं उत्तर लष्करी विमानांकडं असतं, प्रवासी विमानाकडं नसतं. मग खालचा घाबरलेला माणूस उत्तर नाही म्हणजे शत्रू असं धरून चालतो."

"मग विमानानं करायचं काय?"

"तिथून जायचंच नाही. बाकी सगळे उपाय याच्या खालचे. असं क्वचितच होतं, दत्ताभाऊ. हल्ली कंपन्या लांबचा वळसा घालतात, आकाश बंद झालं तर माघारी फिरतात. पण धोका मुळीच नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

पोरगी मुंबईहून सकाळच्या विमानानं निघाली. दुपारी बातमी आली की तिकडं पुन्हा मारामारी सुरू झाली, आकाश बंद केलंय. आमचे फोन गेटवर जमा असतात. दत्ताभाऊ गेटवरच जाऊन बसले, फोन हातात धरून. लावला तर लागेना. राणे साहेब त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मीही गेले. शेठही येऊन उभे राहिले. दत्ताभाऊ नुसते त्या काळ्या स्क्रीनवरून अंगठा फिरवत होते. आपण बनवलेल्या गाडीकडं त्यांनी त्या दिवशी मान वर करून पाहिलं नाही.

मग एकदाचा फोन वाजला. पलीकडं वैष्णवी रडत होती. "पप्पा, विमान अर्ध्यातून माघारी फिरवलं! मी परत मुंबईत आलेय. आता पुढचं विमान कधी, काहीच सांगत नाहीत. माझं कॉलेज सुरू होईल हो पप्पा!"

दत्ताभाऊंनी फोन ठेवला, गाडीला किक मारली आणि गेले. आले ते पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन. सिक्युरिटीवाला बिचारा आनंदानं पुढं झाला, "काय दत्ताभाऊ, पोचली का जर्मनीला?"

"न्हाई पोचली! माघारी आली! घे, दोन घे!"

चार-दोन दिवसांनी लांबच्या वळशानं ती नीट पोचली. आम्ही म्हटलं, आता खरे पेढे काढा. दत्ताभाऊ म्हणाले, "एकदा वाटलेत की!"

*

पहिली गाडी पास होऊन कंपनीतून गेली त्या दिवशी शेडमध्येच पंगत बसली. हार, फोटो, शेठचं भाषण, सगळं झालं. जेवणं उरकल्यावर दत्ताभाऊंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं,

"साहेब, तुमी कधी खरोखर बटन दाबलं का वो?"

राणे साहेबांनी पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "एकदा दाबायची वेळ आली होती."

तरुण होते तेव्हा. सीमेजवळ कुठंतरी वातावरण तापलेलं. ते आणि त्यांचे साहेब, दुपारच्या वेळी कमांडच्या, म्हणजे ठरवणाऱ्या गाडीत. स्क्रीनवर एक ठिपका आला. येऊ नये त्या बाजूनं. 'आपला आहेस का' विचारलं, उत्तर नाही. विमानतळाच्या लोकांना विचारायचं तर फोन लागेना. मारणारी गाडी तयार उभी. ठिपका जवळ येत होता.

"मी ओरडलो, 'सर, रेडी!' माझं काम तेवढंच होतं. बोट शिवशिवत होतं. साहेबांच्या एका हातात चहाचा ग्लास. नजर स्क्रीनवर. मी पुन्हा म्हणालो, 'सर, उत्तर देत नाहीये!' तेवढ्यात ठिपका वळला. साहेब अगदी शांत आवाजात म्हणाले, 'राणे, हा कसा वळला बघितलंस का?' मी म्हणालो, 'डावीकडं, सर.' तर म्हणाले, 'तसं नाही रे. किती सावकाश वळला बघ. लढाऊ विमान असं वळत नाही. याच्या आत कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन उभं आहे. थांब.'"

दत्ताभाऊ पुढं सरकून बसले.

"थांबलो. ठिपका हळूहळू लांब गेला. मग फोन लागला. प्रवासी विमान होतं. पुढं वादळी ढग आले म्हणून वाट सोडून आत आलं होतं."

"बाप रे!" दत्ताभाऊ म्हणाले. "लई थंड डोक्याचा माणूस हो तुमचा साहेब!"

"हो," राणे साहेब म्हणाले. "मलाही तसंच वाटलं. मग ते उठून बाहेर उजेडात गेले तेव्हा दिसलं. हातातला ग्लास रिकामा होता आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी म्हणालो, 'सर, चहा सांडलाय.' त्यांनी खाली पाहिलं आणि मला विचारलं, 'कधी?'"